साठ बायांचे समाधान

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हातात मावेल एवढा, एका कोपऱ्याला टवका उडालेला. माझी सगळी हयात विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात गेली. लोकांचे बोलणे जसेच्या तसे जपून ठेवणे हे माझे काम. पण आज जे सांगणार आहे, ते आठवले की मला शिसारी येते.

कारखान्यातून निघालो तो थेट विभागातल्या मोठ्या बाईंच्या पिशवीत आलो. बाई मला घेऊन गवंड्यांकडे जात, सुइणींकडे जात, गोदीतल्या हमालांकडे जात. माझे बटण दाबण्याआधी त्या समोरच्याला "चालेल ना?" असे विचारत. नको म्हटले की मला बाजूला ठेवून नुसत्या ऐकत बसत. घरी आल्यावर मऊ फडक्याने मला पुसून ठेवीत. त्या काळी माझ्याशिवाय विभागाचे पान हलत नसे.

पुढे बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या खुर्चीत एक साहेब आले आणि माझी रवानगी त्यांच्या सहायकाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये झाली. तिथे वाळलेली पेने होती, शाईचे पॅड होते, बिस्किटांचा चुरा होता. ड्रॉवर नीट लागत नसे, त्यामुळे फटीतून मला सगळे दिसे.

साहेबांनी एका इस्पितळाच्या धुलाईखान्याचा अभ्यास हाती घेतला होता. तिथल्या साठ बायांना भेटून साठ फॉर्म भरायचे, असे त्यांनी कागदावर ठरवले होते. सहायक एकदाही खुर्चीतून हलला नाही. तीन वेगवेगळी पेने घेऊन त्याने ते सगळे फॉर्म दोन दुपारींत उरकले. सही न येणाऱ्या बायांचे अंगठे म्हणून स्वतःचीच बोटे आळीपाळीने उमटवली आणि बरबटलेली बोटे माझ्या अंगाला पुसली. ती शाई अजून माझ्या अंगावर आहे.

त्याच सुमारास सुट्टी लागली आणि शाळेतली आठ मुले चार आठवड्यांसाठी विभागात संशोधन शिकायला आली. साहेबांनी पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि मग त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मुले झेरॉक्स काढीत, कागद टाचीत, कप विसळीत. त्यांच्यात दहावीतली एक मुलगी होती. तिचे प्रश्न संपत नसत, म्हणून सगळे तिला चौकसबाई म्हणत. साठ फॉर्म संगणकात भरायचे काम तिच्या वाट्याला आले. साठही जणींनी 'कामाबद्दल समाधानी' असेच उत्तर दिले होते. घरात चार माणसांचे एकमत होत नाही, मग या साठजणींचे कसे झाले, हे काही तिला उमगेना. पिना शोधायला तिने ड्रॉवर उघडला आणि मी तिच्या हाती लागलो.

तिची मावशी त्याच इस्पितळात परिचारिका होती. चौकसबाईने मावशीला गळ घातली, मला नवे सेल घातले, आणि एका दुपारी आम्ही धुलाईखान्यात पोहोचलो. आत नाकात जाणारी वाफ होती, डागांनी कडक झालेल्या चादरींचे ढीग होते. इस्त्रीवर उभ्या असलेल्या वयस्क बाईंना सगळ्या अक्का म्हणत होत्या. मुलीने मला पुढे धरून परवानगी विचारली. बोलते, पण माझा आवाज बाहेर कोणाला ऐकवायचा नाही, असे अक्कांनी बजावले. मुलीने शब्द दिला.

मग अक्का बोलल्या. चादरींत सुया राहून जातात. हातमोजे मागून दोन वर्षे झाली. गेल्याच महिन्यात एकीला सुई टोचली, तिची अजून धड तपासणीही झालेली नाही. हे तुम्ही विद्यापीठाच्या माणसांना सांगितले होते का, असे मुलीने विचारले.

"कुठली माणसं?" अक्का म्हणाल्या. "पोरी, आमच्याशी बोलायला आलेली तू पहिलीच."

दुसऱ्या दिवशी मुलगी साहेबांसमोर उभी राहिली आणि फॉर्म खोटे आहेत म्हणाली. पुरावा काय, असे त्यांनी विचारले. मी तिच्या मुठीत होतो, तिचा अंगठा माझ्या बटणावर होता. दाब, दाब, असे मी मनातल्या मनात म्हणत होतो. तिने दाबले नाही.

"त्यांना शब्द दिलाय मी," ती म्हणाली.

साहेब हसले. "मग विषय संपला. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर या फॉर्मांचा तक्ता तूच वाच. प्रमाणपत्र हवंय ना?"

त्याच तक्त्याच्या आधारावर इस्पितळ हातमोज्यांची मागणी फेटाळणार होते. मुलगी पुन्हा धुलाईखान्यात गेली आणि तिने अक्कांना सगळे सांगितले. आवाज ऐकवू का, असे विचारले. अक्का इस्त्री फिरवता फिरवता म्हणाल्या, "बघते."

शेवटच्या दिवशी सभागृह भरले. पालक आले, इस्पितळाचे अधीक्षक पहिल्या रांगेत बसले. मुलगी तक्ता घेऊन उभी राहिली.

"हा तक्ता मी वाचणार नाही," ती म्हणाली. "या बायांना कोणी भेटलेलंच नाही."

पोरीचा गोंधळ झालाय, असे म्हणत साहेब सावरायला उठले. तेवढ्यात मागच्या दारातून अक्का आत आल्या. पायांत ओल्या चपला, मागे आणखी चौघीजणी.

"साहेब, धुलाईखान्यात आम्ही सगळ्या मिळून एकोणीस आहोत," अक्का म्हणाल्या. "वरच्या एक्केचाळीस कुठून आणल्या?"

अधीक्षकांनी तिथेच फॉर्म मागवले.

अहवाल रद्द झाला. महिन्याभरात हातमोजे आले. सुई टोचलेल्या बाईची तपासणी झाली आणि ती सुखरूप निघाली. सहायकाची नोकरी गेली. पण काम सोडून आल्याबद्दल अक्कांना नोटीस मिळाली, मुलीला प्रमाणपत्र मिळाले नाही, आणि साहेबांना मात्र दुसऱ्या विभागात तेवढीच मोठी खुर्ची मिळाली. मला याचा वीट येतो, मित्रांनो. तुम्हालाही यावा.

मुलीने माझ्यातली कॅसेट काढून अक्कांच्या हातात दिली. मी आता भंगाराच्या खोक्यात आहे. माझी चाके झिजली आहेत, माझ्यासाठी काही करा असे मी म्हणत नाही. पण उद्या तुमच्यापैकी कोणी हातात फॉर्म घेऊन एखाद्या दारात उभे राहील. तेव्हा आधी विचारा. माणूस नको म्हणाला, तर मुकाट्याने परत फिरा. आणि तो बोलला, तर तो जे बोलला तेच लिहा.