नरम गिअर

माझ्या पोराचा, अंकुरचा डावा पाय अकोटच्या कापसाच्या जिनिंग मशीनमध्ये गेला. क्लच दाबणं बंद. कापसानं सलग दोन वर्षं दगा दिल्यावर मी त्याला जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली, धारणीच्या सवाऱ्या नेईल म्हणून. एका पायाचा ड्रायव्हर म्हणून तिकडच्या शाळेचे मास्तर त्याच्या गाडीत बसायला तयार होईनात. शेवटी हेडमास्तर केशवराव म्हणाले, एकदा घाट चढवून दाखवा, मग सोमवारपासून बसू.

तर त्या दिवशी ते मागं बसले होते, दाराच्या कडीला हात धरून. पुढं मी. केशवरावांच्या शेजारी अकोल्याचा मेकॅनिक तनवीर, मांडीवर ट्यूनर घेऊन. तळहाताएवढा डबा तो. त्याची वायर स्टिअरिंगखाली खुपसली की गिअर कधी पडावा, किती जोरानं पडावा, ते ठरवता येतं. तनवीरनं कडक ठेवला होता. गिअर बदलला की गाडी हिसका देई, आणि अंकुरचा नकली पाय घासे. तोंडानं तो काही बोलत नव्हता, पण दात आवळलेले मला दिसत होते.

"तनवीर, पोराचा पाय सोलून राहिला. नरम कर."

"काकू, नरम केला तं घाटात..."

"पाय तुहा हाय का त्याचा? थांबव रे अंकुर. कर म्हटलं ना नरम!"

त्यानं केला. सपाटीवर गाडी लोण्यासारखी चालली. मी मागं वळून केशवरावांकडं बघितलं, पाहा म्हटलं.

घाट लागला आणि इंजिन नुसतं ओरडू लागलं. गाडी ओढेना. जळक्या तेलाचा वास आला, लाल दिवा लागला. अंकुरनं वळणावरच गाडी थांबवली. केशवराव दार उघडून खाली उतरले ते थेट दरडीला टेकले.

"काकू, नरम गिअर चढावर घसरते. तेल तापलं," तनवीर म्हणाला. इंजिन जागेवर चालू ठेवून तेल निवू दिलं, मग बंद केलं. "अंकुरभाऊ, किती ठेवू?"

"मधात..." मी म्हणाले.

"कडक," अंकुर म्हणाला. "पहिले होता तसाच."

तनवीरनं इंजिन न लावता चावी फिरवून नुसते समोरचे काट्यांचे दिवे लावले. "आता सेटिंग भरून राहिलं. चावीले कोणी हात लावू नका. मधात तुटलं तं गाडी इथंच मेली."

तेवढ्यात वरून एस्टी आली. हॉर्नवर हॉर्न. आमची गाडी अर्धी रस्त्यात. कंडक्टर उतरून थेट चावीकडंच निघाला. मी उतरून त्याच्या आडवी उभी राहिले.

"ओ बाई, गाडी काढा! टाइम होऊन राहिला आमचा."

"तुमचा टाइम? तुमच्या एस्टीची वाट पाहता पाहता माहे केस पांढरे झाले. जागचा हालला तं पाहा!"

बसमधलं कोणीतरी फस्सकन हसलं. कंडक्टर थांबला. मागं सेटिंग अजून भरतच होतं. मी जागची हालले नाही.

"झालं!" तनवीर ओरडला.

इंजिन लागलं. अंकुरनं गाडी कडेला घेतली, एस्टी निघून गेली. मी पुढचं दार उघडलं.

"सर, तुमी पुढं या," अंकुर केशवरावांना म्हणाला. "माय, तू मागं बस."

आजवर मला कोणी मागं बसवलं नव्हतं. बसले.

गिअर पडला, हिसका बसला, अंकुरचा खांदा उडाला. पुन्हा पडला. मी ओठ दाबून धरले. गाडी वळणं चढत गेली, दिवा लागला नाही.

वर पोहोचल्यावर केशवरावांनी कडीवरचा हात काढला. "सोमवारी किती वाजता निघता?"

अंकुरनं वेळ सांगितली. माझ्या मते चुकीचीच होती, तेवढ्या लवकर चहासुद्धा होत नाही आमच्याकडं. मी गप्प बसले.