वाटी उचलण्याआधी

"मनात काय धरलंयस ते आधी बोल, पोरी. न्हाईतर ती आपल्या मनानं धरती." — वाटीच्या काठावरून भांगेचा हिरवा फेस हळूहळू खाली सरकत होता आणि अंजनाला गेल्या शिवरात्रीचं सासूबाईंचं ते बोलणं आठवलं, त्यावरचं आपलं हसणंही. हैदराबादेत कॉलेज शिकून बीडला आलेली सून. तिनं पाल्याच्या रसापुढं काय बोलायचं? त्या दिवशी घरातला एकेक जण सासूबाई चंद्रभागाबाईंसमोर मनातलं बोलून मगच वाटी उचलत होता — तिच्या यजमानांनी, सुंदररावांनी, तर 'निजामाची नायब तहसीलदारी' म्हणून सगळ्यांना हसवलं होतं — आणि ती 'काही नाही' म्हणून प्यायली होती.

काही नाही... पण तळाशी होतंच. तेव्हा वर्षाचा असलेला माझा भारत झोळीत निजलेला, तोंड किंचित उघडं, आणि त्याची छाती हलेना — हलत असणारच, पण मला दिसेना — झोळीचं कापड पांढरं, आणखी पांढरं होत गेलं, मी त्याला गदागदा हलवून उठवलं, तो रडला, निजला, मी पुन्हा उठवलं... भांग सकाळी उतरली. भीती उतरली नाही. तव्यावर भाकरी करपायची आणि तिचं बोट त्याच्या नाकाखाली.

आज पुन्हा तोच पाटा, तोच बदामाचा वास.

"औंदा काय धरणार आमच्या शिकलेल्या बाई?" सुंदरराव दारातून म्हणाले. "मागल्या साली पोराची मानगूटच धरलती."

"तू गप रे. बोल, अंजना."

"भारतला काही होऊ नये."

"हे तर भ्याच हाय, नटवून आणलेलं," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं बोल."

दुसरं? वर्षभर दुसरं काही मनात आलंच कुठं होतं... समोर त्यांचे ओले हात, पाच लेकरं वाढवलेले, आणि या हातांवर आपण एक दुपारसुद्धा सोडली नाही —

"आज... तुम्ही बघाल त्याला?"

"कावून न्हाई? यवढं म्हणाया वरीस लागलं व्हय गं?"

ती प्यायली. मग ओट्यावर येऊन बसली, झोळीकडे पाठ करून — पाठ! ऊन लिंबाच्या पानापानातून सावकाश गळत होतं. आत झोळीची दोरी कुरकुरत होती. थांबली. अंजना उठली नाही. पुन्हा कुरकुरली, आणि तिनं पाय पसरून खांबाला पाठ टेकवली... भीती गेली असं नाही. तीही माझ्या शेजारी टेकली आहे, चालून चालून दमलेल्या पाहुणीसारखी.

मला आता उठवत नाही, आणि उठायचंही नाही. तुम्ही आत जाणार असाल तर जरा डोकावा — भारतकडे नको, त्याला निजू द्या. सासूबाईंकडे. ऊन कललं तरी दोरी त्यांच्याच हातात आहे, आणि आज त्यांचा उपास. पाणी तरी प्यायल्या का, एवढं विचारून या.