टाकी धुऊन झाली

अठ्ठावीस घरांच्या त्या वसाहतीत वर्षभर काही घडत नसे, आणि जे घडत नसे ते सगळं एक जानेवारीला छापून येई. छापणाऱ्या बातमीमावशी. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून चौदा वर्षं त्या वसाहतीचं वार्तापत्र एकहाती काढत होत्या. कोणाला नातू झाला, कोणाच्या मुलीला नोकरी लागली, कोणाचं छप्पर गळायचं थांबलं, सगळं दोन पानांत. मावशींच्या कानावर आली नाही ती गोष्ट वसाहतीत घडलीच नाही असं खुशाल समजावं.

अंक नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी दारात पडायचा, म्हणजे छापखान्यात तो सत्तावीस तारखेलाच द्यावा लागे. मग वर्षाचे उरलेले चार दिवस मावशी अंदाजाने लिहून टाकत. 'बागेतल्या बाकांना रंग देण्यात आला.' 'निरोपाचा कार्यक्रम उत्साहात पार पडला.' जे व्हायचंच आहे ते झालं म्हणून लिहिलं तर कोणाचं काय बिघडतं? चौदा वर्षांत एकदाही काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे मावशींना हा अंदाज न वाटता शास्त्र वाटायला लागलं होतं.

यंदा त्यांनी लिहिलं होतं: 'जमिनीखालची पाण्याची टाकी तीस तारखेला धुऊन झाली. एक तारखेला सकाळी दहा वाजता टाकीत नवीन पाणी सोडण्यात येईल.'

त्यातली दुसरी ओळ एकाच माणसासाठी होती. मावशींचे धाकटे दीर पंपघर सांभाळत. पूर्वी जो तो त्यांना फोन करून पाणी सोडा, पाणी बंद करा असं सांगायचा, आणि एकाचं ऐकलं की दुसरा अंगावर यायचा. शेवटी ते सभेत ताडकन उठून म्हणाले होते, "यापुढे तोंडी कारभार बंद. वहिनींच्या कागदावर असेल तेच होईल." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हापासून पाण्याची प्रत्येक वेळ मावशी लिहून देत, आणि भाऊजी त्या कागदाबाहेर तसूभर सरकत नसत.

एक तारखेला सकाळी सव्वानऊला मावशी नेहमीप्रमाणे कौतुक गोळा करायला बाहेर पडल्या. नऊ नंबरच्या शिंपीणकाकू दारातच उभ्या होत्या.

"मावशी, यंदा तुमची एक बातमी खोटी निघाली हो!" काकू हसत म्हणाल्या. "टाकी धुतली म्हणे! टाकीवाला तर आत्ता खाली उतरलाय. मीच चहा दिला त्याला."

"आज? तीस तारखेचं ठरलं होतं ना?"

"त्याची बायको तापाने फणफणली होती. अध्यक्षांनीच सांगितलं त्याला, मग एक तारखेला ये म्हणून."

"आणि मला कोणी कळवायचं नाही?"

"राहून गेलं असेल. तुम्ही तरी किती मनाला लावून घेता!"

मावशींच्या अंगाची लाहीलाही झाली. चौदा वर्षांत एक चूक नाही, आणि आता शिंपीणबाई दारात उभी राहून हसते! दात कोरायलाही वेळ नसल्याचा आव आणणाऱ्या अध्यक्षांना त्यांनी मनातल्या मनात चांगलं सोलून काढलं. टाकीत उतरलेल्या माणसाचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. खरं तर टाकी कशी आहे हे त्यांना ठाऊक होतं. एका अंकात त्यांनीच तिची माहिती छापली होती. टाकीचे दोन कप्पे होते. झाकण फक्त पहिल्या कप्प्याला. दुसऱ्यात जायचं तर मधल्या भिंतीच्या तळाशी असलेल्या गुडघाभर उंचीच्या खिडकीतून सरपटत जावं लागे. पाणी आलं की सगळ्यात आधी बुडायची ती हीच खिडकी.

मावशी घरी गेल्या, लाल पेन घेतलं आणि एक नंबरपासून दारं वाजवायला सुरुवात केली. "जरा अंक द्या हो, एक दुरुस्ती आहे." 'तीस' खोडून त्या 'एक' लिहीत, 'झाली' खोडून 'होत आहे' लिहीत आणि खाली सही करत. प्रत्येक घरी थोडं बोलणं व्हायचंच. तीन नंबरला नातवाचा फोटो बघावा लागला. सातला शुभेच्छा आटपेनात. अध्यक्षांच्या निष्काळजीपणाची गोष्ट तर प्रत्येक दारात नव्याने सांगावी लागत होती, आणि दर वेळी ती थोडी अधिक रंगत होती.

अकरा घरं झाली. बारा नंबरच्या निवृत्त मास्तरांनी चष्मा लावून दुरुस्ती तपासली. चुका काढण्यात त्यांची हयात गेली होती.

"मावशी, मग ही खालची ओळही बदला की," ते म्हणाले. "टाकी अजून धुताहेत आणि दहाला पाणी सोडणार, हे कसं जमायचं?"

मावशींनी वर बघितलं. मास्तरांच्या भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

पंपघर वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला. मावशी पासष्टीच्या, गुडघे कधीच संपावर गेलेले, पण त्या धावल्या. आत भाऊजी खुर्चीवर बसून अंक वाचत होते, आणि मोठ्या नळातून पाण्याचा जड, एकसुरी आवाज येत होता.

"बंद करा! आत माणूस आहे!"

"आत? टाकी तर तीसलाच धुऊन झाली. तुम्हीच लिहिलंय, वहिनी," भाऊजींनी अंक पुढे केला.

मावशींनी कागद झटकून टाकला आणि स्वतःच व्हॉल्व्हचं चाक धरलं. ते हलेना. तेव्हा कुठे भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि त्यांनी धावत येऊन ते फिरवलं.

टाकीपाशी झाकण उघडंच होतं. आत शिडी उभी होती, बादली पाण्यावर तरंगत होती. पहिल्या कप्प्यात कोणी नव्हतं. भाऊजींनी टाकीवाल्याला खूप हाका मारल्या. मावशींना हाक मारता येईना, त्याचं नावच त्यांना माहीत नव्हतं.

पाणी उपसून त्याला बाहेर काढायला दुपारचा दीड वाजला.

तोवर अध्यक्षांचं डोकं थंडगार झालं होतं. त्यांनी मावशींना बाजूला घेतलं. "झालं ते वाईट झालं. पण आपण अठ्ठावीस कुटुंबं आहोत, नीट विचार करा. टाकी तीसला धुऊन झाली, असं छापलेलं आहे. म्हणजे आज त्याला कोणी बोलावलेलं नव्हतं. तो कशाला उतरला, कोण जाणे. तुम्ही ते खोडाखोडीचे बारा अंक तेवढे परत घ्या."

"पण तुम्हीच तर..."

"मी? कोण म्हणतं?"

मावशींनी शिंपीणकाकूंकडे पाहिलं. काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी सकाळपासून घराबाहेरच पडले नाही हो."

अंक परत मागायला जावंच लागलं नाही. लोक आपणहून आले. जो तो आपला अंक नीट घडी करून मावशींच्या टेबलावर ठेवून गेला. मास्तरांचाही आला. मावशींना भीती वाटली ती तेव्हा. चांगली माणसं होती ती, त्यांचे नातू, त्यांची छपरं, सगळं त्यांनी चौदा वर्षं लिहिलं होतं.

फौजदार आले. त्यांनी अध्यक्षांकडचा कोरा करकरीत अंक दाखवून विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो, मी लिहिलं," मावशी म्हणाल्या. 'पण सत्तावीस तारखेला' हे पुढचे शब्द अगदी जिभेवर होते. मागे भाऊजी उभे होते. दहाला पाणी सोडणारं चाक त्यांनीच फिरवलं होतं. त्यांचा श्वास मावशींना ऐकू येत होता.

"मग झालं," म्हणत फौजदारांनी अंक वहीत ठेवला, आणि अध्यक्ष त्यांना आपल्या घरी घेऊन गेले.

टाकीवाल्याची बायको फाटकापाशी पायरीवर बसली होती. अंगात ताप होता, शाल घट्ट गुंडाळलेली. तिला आत कोणी बोलावलं नव्हतं. मावशींना येताना पाहून तिने मान वर केली.

"बाई, इथलं सगळं तुम्ही लिहिता म्हणे. ते म्हणतात, माझा नवरा न सांगता आत घुसला. असा नव्हता हो तो. मग का उतरला?"

मावशी तिच्याशेजारी बसल्या. "त्यांना बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "पाणी माझ्या कागदामुळे सुटलं. ते आत आहेत हे मला पाऊण तास आधी कळलं होतं. मी कागद दुरुस्त करत बसले." एकदा तोंड उघडल्यावर ते बंद होईना. सत्तावीस तारखेपासून बारा नंबरच्या घड्याळापर्यंत सगळं त्यांनी सांगितलं.

बाई रडली नाही, ओरडली नाही.

"हे मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "त्या फौजदारांना सांगा."

मावशी उठल्या. दोन्ही रांगांतली दारं बंद होती, आणि पडद्यांआडून सगळे बघत होते. एकट्या अध्यक्षांचं दार उघडं होतं. त्या तिकडे निघाल्या, तेव्हा आतून कोणीतरी ते लावून घेतलं.