शेजारच्या खोलीतला आवाज

धाकट्याच्या अल्बमवर ऐकणाऱ्यांचं एकमत होत नव्हतं, आणि सुरुवातीला त्याला त्याचंच कौतुक वाटत होतं. सगळ्यांना आवडलं की खुशाल समजावं, कुणीच धड ऐकलेलं नाही, असं तो थोरल्या बहिणीला सांगायचा. ताई मान हलवायची. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण भावाचा अल्बम रोज सकाळी कामाला निघण्याआधी एकदा ऐकायचा, असा तिनं नेम केला होता, आणि केलेला नेम सोडणाऱ्यातली ती नव्हती.

त्या अल्बममध्ये गाणारं कुणी नव्हतं. शब्दच नव्हते. गिटारी जमिनीवरच्या धुक्यासारख्या हळूहळू चढायच्या, लांबून कुणी चालत यावं तसे ड्रम जवळ यायचे, सगळं भरून यायचं आणि पुन्हा ओसरायचं. याला पोस्ट-रॉक म्हणतात, हे तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तिच्या काळजाला हात घालायचा तो मात्र वेगळाच आवाज. बारीक, लांबलचक, काचेवरून नख ओढावं तसा. पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत तो सगळ्यांच्या डोक्यावर उभा असायचा. हा माझा भाऊ रडतोय, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. रडणाऱ्याला का रडतोस असं विचारू नये, म्हणून तिनं विचारलं नाही. छान झालंय रे, एवढंच म्हणाली.

रडायला कारणही होतं. अर्धं आयुष्य ड्रमच्या झांजांना खेटून उभं राहण्यात गेलं, आणि त्यात धाकट्याचे कान गेले. एकदम नाही गेले. बारीक, उंच आवाज आधी गेले: पक्षी गेले, दारावरची घंटी गेली, मग बायकांचं हळू बोलणं. ताई बोलायची तेव्हा तो तिच्या ओठांकडे बघायचा. उरलंसुरलंही वर्षभरात जाईल, असं कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं. म्हणजे हा अल्बम शेवटचा. तरी तो खचला नव्हता, कारण त्याच्यापाशी एक आधार होता.

"आधीचे सगळे मनात एक नि हातात एक असे झाले, ताई," तो म्हणायचा. "हा मात्र डोक्यात होता तसाच बाहेर आला. आता कान गेले तरी जाऊ देत."

एवढ्या एका वाक्यावर तो दिवस ढकलत होता, आणि त्याच्याकडे बघून तीही.

एका रविवारी दुपारी रेकॉर्डवाल्यानं आपल्या दुकानात मंडळी जमवली. रेकॉर्डच्या पेट्या भिंतीला सरकवून, कुठून कुठून मागून आणलेल्या खुर्च्या मांडून, अल्बम सलग ऐकायचा आणि मग ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलायचं, असा बेत होता. धाकटा ताईला बरोबर घेऊन गेला, कुणाचं बोलणं निसटलं तर तिनं तोंड जवळ आणून सांगावं म्हणून. बँडमधले दोघेही आले होते: ड्रम वाजवणारा ढम्या आणि बास गिटारवाला, ज्याला उंचीमुळे आणि मुखदुर्बळपणामुळे सगळे खांब म्हणत.

ऐकून झाल्यावर आधी जरा खाकरणं, खुर्च्या सरकवणं झालं. मग दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडलं. त्यांचं म्हणणं असं, की गिटारी उत्तम, पण तो वरचा आवाज ते दिवसभर दवाखान्यात ऐकतात. फरक इतकाच, की तिथं समोरच्याला भूल तरी देता येते. सगळे हसले. धाकटाही हसला. निवृत्त मास्तरांना ते पटलं नाही. बाकी सगळं संगीत म्हणजे सपाट माळ आहे, त्यांनी समजावलं, आणि तो आवाज म्हणजे त्यावरचं ऊन. ऊन डोळ्यांत जातं म्हणून कुणी सूर्य काढायला सांगत नाही. एका नवराबायकोची तिथंच जुंपली. तो आवाज नसता तर तिसऱ्या तुकड्यावर झकास झोप लागली असती, असं नवरा म्हणाला. तुम्हाला स्वतःच्या लग्नातही लागली होती, बायको म्हणाली, तुमच्या झोपेचं काय घेऊन बसलात.

शेवटी मागच्या रांगेतली परिचारिका उठली. ड्यूटीवरून थेट आली होती, पायांत पांढरे बूट तसेच होते. तिचा नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. भेटेल तो धीर धर म्हणतो, ती म्हणाली.

"हा आवाज मला एकदाही धीर धर म्हणाला नाही. म्हणून मी तो ऐकते."

तेवढ्यात धाकटा ताईच्या कानाशी वाकला.

"कुठल्या आवाजाबद्दल बोलतायत हे सगळे?"

ताईला वाटलं, चेष्टा करतोय. तोच रे, ती म्हणाली, बारीक, सगळ्यांच्या वरचा. "वरचा?" त्यानं विचारलं, आणि तिचे ओठ चुकीचे वाचले असावेत अशा नजरेनं पुन्हा तिच्याकडे बघितलं. इंटरनेटवर लोकांनी अल्बममधल्या किंकाळीबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. ती त्यानं वाचली होती, पण गिटारीबद्दल असेल असं धरून चालला होता. त्यानं रेकॉर्डवाल्याला थोडा भाग पुन्हा लावायला सांगितला. या वेळी तो अल्बम ऐकत नव्हता, लोकांची तोंडं बघत होता. डॉक्टरांचं बोट कानाकडे गेलं. परिचारिकेनं डोळे मिटून घेतले. आणि धाकट्याला गिटारी ऐकू येत होत्या, ड्रम ऐकू येत होते, त्यांच्या वर काही म्हणजे काही नव्हतं.

बाहेर पदपथावर त्यानं ढम्या आणि खांबाला गाठलं. ताई मागोमाग होतीच.

तो आवाज त्यानं स्वतः काढला होता, धातूच्या पट्ट्यांवर व्हायोलिनचा गज ओढून. तो ऐकू यावा असं त्याच्या मनात नव्हतंच. शेजारच्या खोलीत कुणीतरी आहे एवढंच वाटावं, उठून बघावं तर कुणी नसावं, असा तो हवा होता. सगळा अल्बम त्या न दिसणाऱ्या माणसाभोवती रचलेला. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवायला घेतलं, तेव्हा तो सापडेना. म्हणून त्यानं वाढवला. आणखी वाढवला. शेवटी कुठंतरी धाग्याएवढा लागला, तिथं त्याला वाटलं, हा बघ, आला शेजारच्या खोलीत. आणि तिथंच ठेवला. त्या धाग्याची एवढी किंकाळी झाली होती. आता तर तो धागाही त्याच्या कानातून गेला होता.

"तुम्हाला ऐकू येत होतं ना?" त्यानं ढम्याला विचारलं.

ढम्यानं मान खाजवली. ऐकू न यायला काय झालं होतं? पण बँडचा एक नियम होता, आणि तो धाकट्यानंच घालून दिला होता. पहिल्या अल्बमच्या वेळी तिघांचे सहा हात मिक्सिंगच्या बोर्डावर होते, आणि बारभाईच्या खेतीचं जे व्हायचं तेच झालं. तेव्हापासून ज्याची रचना तोच बोर्डावर बसणार, आणि अल्बम बाहेर पडेपर्यंत इतरांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. काढला नव्हता. पाळण्यासारखा तेवढा एकच नियम होता, तो त्यांनी इमानेइतबारे पाळला.

"आम्हाला वाटलं, तुला तसंच हवंय," ढम्या म्हणाला.

खांब सहसा बोलत नसे, तो नेमका तेव्हा बोलला. "मला वाटलं, तू मुद्दाम लोकांना छळतोयस. मला आवडलं होतं ते."

धाकटा त्याच्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो ताईकडे वळला. "आणि तू? तू तर रोज ऐकतेस."

तो वाचू शकेल एवढं सावकाश ती म्हणाली, "मला वाटलं, तू रडतोयस."

"मी रडत नव्हतो, ताई. मी तेव्हा खूश होतो."

त्यानंतरचे काही दिवस तो खोलीतून बाहेरच आला नाही. ताई ताट दाराशी ठेवायची आणि तसंच्या तसं उचलायची. सकाळचा नेम तिनं सोडला नाही, पण आता ऐकताना ती चपला घालून दारातच उभी राहायची. ज्या दुःखाच्या पाया पडावं अशा भावनेनं ती इतके दिवस बसत होती, ते तिथं नव्हतंच. होती ती नुसती चूक. आणि तिला तर त्या चुकीखेरीज दुसरं काही ठाऊकही नव्हतं.

मग एके दिवशी तो आपणहून उठला, दाढी केली आणि म्हणाला, चल माझ्याबरोबर. खांबाच्या घरामागच्या खोलीत त्यांचा बोर्ड होता. ढम्या आणि खांब आधीच येऊन बसले होते. धाकट्यानं तिला बोर्डासमोरच्या खुर्चीत बसवलं. त्या दोघांना काही विचारलं तर ते माझ्याच तोंडाकडे बघणार, तो म्हणाला, सवय लागलीय त्यांना. "तू बँडमधली नाहीस. तुला नियम लागू नाही." वरखाली सरकणाऱ्या बटणांपैकी त्या आवाजाचं बटण कुठलं, ते ढम्यानं दाखवलं. धाकट्यानं दुसरी खुर्ची ओढली आणि बोर्डाकडे पाठ करून बसला. बोर्डाकडे बघत ऐकलं की डोळे कानांना फसवतात, असं त्याचं जुनं म्हणणं होतं.

"हळूहळू कमी कर. शेजारच्या खोलीत कुणी आहे असं वाटलं की थांब. आवाज नाही ऐकू आला तरी मलाही कळेल."

शेवटचा तुकडा सुरू झाला. ताईनं बोट बटणावर ठेवलं. आयुष्यभर तापलेल्या इस्त्रीचं दांडकं धरलेला तिचा हात, पण ते नखाएवढं बटण धरायचं कसं हेच त्याला उमगेना. आवाज रोजच्यासारखाच आला, उभाच्या उभा. दम धरावा, मग सरकवावं, असं ती मनाशी म्हणत होती.

धाकट्यानं हात वर केला.

"बस. इथंच. आता बरोबर आहे."

ढम्या जमिनीकडे बघायला लागला. खांब भिंतीकडे. दोघंही गप्प, नियम असल्यासारखे. ताईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तिला उठावंच लागलं. भावाच्या समोर जाऊन ती गुडघ्यांवर बसली, म्हणजे त्याला ओठ दिसतील.

"मी अजून हलवलंच नाही रे."

त्यानं वाचलं. खुर्ची न वळवता तो म्हणाला, "मग तूच ठरव. तुला बरं वाटेल तिथं ठेव."

ती परत जाऊन बसली. बटण खाली आणलं, पार खाली. गिटारी गोड वाजत राहिल्या, कुणालाही झोप लागावी अशा. त्यात तिचा भाऊ नव्हता. वर नेलं, तर तिथंही तो नव्हता, हे आता तिला माहीत होतं. मधल्या जागा तिनं एकेक करून बघितल्या. डॉक्टरांना चालेल अशी जागा सापडली, पण तिथं परिचारिकेला कुणीतरी धीर धर म्हणेल अशी भीती वाटली. शेजारची खोली कुठं लागते हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते तिच्याकडे पाठ करून बसलं होतं. शेवटी तिनं बटण होतं तिथंच आणून सोडलं.

ड्रम थांबले. गिटारी ओसरल्या. धाकटा उठला, खुर्ची जागेवर लावली.

"संपलं ना?" तिच्या ओठांकडे बघत त्यानं विचारलं.

खोलीत तो आवाज अजून ताणलेला होता, एकटाच, संपायचं नाव घेत नव्हता. ढम्याचे डोळे भरून आले होते.

"हो," ताई म्हणाली.