धूळमापकाला विणलेले अंगडे

मित्रांनो, मी एक जुना धूळमापक आहे. आकाराने जेवणाच्या डब्याएवढा, पण रुबाब विचारू नका! नैरोबीच्या कांगेमी वस्तीत, प्राथमिक शाळेच्या खांबावर माझा मुक्काम असतो. समोरचा महामार्ग रुंद करायचे काम निघाले तेव्हा मला इथे बसवले. माझ्या पोटातला चिमुकला पंखा खालच्या जाळीतून हवा आत ओढतो, मी तिच्यातली धूळ मोजतो आणि आकडा शिकुकू गुरुजींच्या फोनवर धाडतो. आकडा चढला की रस्तेवाल्यांनी टँकर आणून पाणी मारायचे, असे ठरले होते. केवढी ती अवाढव्य यंत्रे, पण माझ्यापुढे त्यांचे काही चालत नसे. मला याचा फार अभिमान वाटे, आणि का वाटू नये?

शाळेत मका-घेवड्याची उसळ रांधणाऱ्या अयुमा मावशींचा माझ्यावर भारी जीव. त्यांची नात खासोआ दुसरीत होती आणि तिला दमा होता. आमच्याकडे कोच, रेडिओ, पाण्याचा पिंप, सगळे विणलेल्या रुमालाखाली असते. उघडी वस्तू म्हणजे बेवारशी वस्तू.

"आमच्या लेकरांसाठी दिवसभर राबतो आणि अंगावर चिंधी नाही बिचाऱ्याच्या!" मावशी म्हणाल्या.

"घाला हो काहीतरी, शोभून दिसेल," गुरुजी हसले.

मावशींनी निळे-पांढरे अंगडे विणले, आतून जुन्या कापडाचे जाड अस्तर लावले आणि मला गळ्यापर्यंत चढवले. मी नवरदेवासारखा मिरवलो. पण जाळी झाकली गेली, आत हवाच येईना, आणि माझे आकडे झरझर उतरले.

रस्त्याच्या कामावरचा मुकादम किरुई खूश झाला. "गुरुजी, हवा बघा, चहाच्या मळ्यातल्यासारखी! पाणी कशाला नासायचं?"

टँकर बंद झाला. लाल धुळीचे लोट वर्गात शिरू लागले. एका दुपारी खासोआचा श्वास अडकला आणि तिला उचलून दवाखान्यात न्यावे लागले. "खोटारडा आहेस तू!" गुरुजींनी मला चापट मारली. मला बोलता येत नव्हते, मित्रांनो. तेवढे दुःख मला उन्हापावसानेही दिले नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी अंगडे धुवायला काढले. बाहेरून ते मातीसारखे लाल आणि आतून स्वच्छ होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले. "अगं बाई! मीच याचं नाक बांधलं होतं की!"

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजू लागला. आकडा सर्रकन वर गेला होता. मुकादम कुरकुरत आला, "कालपर्यंत तर चांगली होती हवा!"

"चांगली होती, पण माझ्या रुमालाखाली," मावशी डोळे पुसत कडाडल्या. "तिथे राहायला जाता का?"

दुपारी टँकर आला. पुढच्या आठवड्यात खासोआ शाळेत परतली.

आता माझा रंग उडाला आहे आणि कडांना गंज चढला आहे. मावशी तेवढी माझी जाळी ब्रशने झाडतात, बाकी मला मळकाच ठेवतात. मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या रस्त्यावर दिसला तर त्याला मायेनेसुद्धा झाकू नका. जी धूळ माझ्यापर्यंत पोहोचत नाही, ती खासोआच्या छातीत जाते.