मामाजींच्या सात वाजताच्या बातम्या

टेकचंद कटरेला सासऱ्याबद्दल खरा आदर वाटू लागला तो सासरा वारल्यावर, आणि तोही फार दिवस टिकला नाही.

सासरा, म्हणजे टेकचंदचे मामाजी, श्यामलाल बोपचे. कोहमाऱ्यापासून आत सहा किलोमीटरवरच्या गावातलं मोठं प्रस्थ. एकाहत्तर साली गावात वीज आली, त्याच वर्षी श्यामलालजींनी लाकडी पेटीचा, आत काचेच्या नळ्या असलेला रेडिओ आणला. रोज संध्याकाळी सात वाजता ते पेटीला कान लावून बसत आणि पडवीत जमलेल्या माणसांना बातम्या सांगत. आवाज मोठा करायची सोय नव्हती. आवाज वाढवला की नळ्या फुटतात, असं ते म्हणत. त्यामुळे वीस-एकवीस वर्षं गावाने सगळं जग त्यांच्या तोंडूनच ऐकलं.

यंदा त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. मुलगा केवळराम माजी सरपंच. त्याने ठरवलं, बाबूजींचा रेडिओ ग्रामपंचायतीत काचेच्या कपाटात ठेवायचा आणि कार्यक्रमात चालू करून दाखवायचा. काम टेकचंदच्या गळ्यात पडलं, कारण तो वीज खात्यातला निवृत्त लाइनमन.

"केवळराम, मी खांबावर चढनारा मानूस," टेकचंद म्हणाला. "रेडिओतलं मले काय समजते?"

"तार ते तारच ना, भाऊजी," केवळराम म्हणाला आणि पेटी ठेवून गेला.

टेकचंदने अंगणात पोतं अंथरलं आणि मागचा पुठ्ठा काढला. आत उंदराने थाटलेला संसार निघाला. तो झाडून काढल्यावर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीचं अक्षर दिसलं, कुण्या मिस्त्रीचं: 'ट्रान्सफॉर्मर जळाला. सामान भेटत नाही. वापस. रामलाल, १२-८-७४.'

टेकचंदने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ट्रान्सफॉर्मर खरंच कोळसा झालेला होता, आणि त्याला त्यानंतर कुणी हात लावल्याची खूण नव्हती. म्हणजे रेडिओ तीन वर्षं वाजला. आणि मामाजींच्या बातम्या टीव्ही येईपर्यंत, ब्याण्णवपर्यंत चालल्या.

त्याला सासुरवाडीत ऐकलेली एकेक बातमी आठवू लागली. ज्या गावच्या तलावाची पाळ फुटकी, त्या गावाचं रॉकेल सरकार बंद करणार, ही बातमी आली तेव्हा गावाने चार दिवसांत पाळ बांधून काढली होती. म्हाताऱ्या माणसाने आठवड्यातून एकदा गावरान कोंबडीचा रस्सा प्यावा, असा शोध दिल्लीच्या डॉक्टरांनी लावला होता. मामाजींच्या डोक्याला मनात सलाम ठोकत टेकचंद पोट धरून हसत सुटला.

त्याची बायको रुख्माबाई ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत होती. "काऊन हासून राहिले एकटेच?"

त्याने पुठ्ठा तिच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"कोन्या सालचं आहे म्हनता?"

"चौऱ्याहत्तर."

"आपलं लगन चौऱ्यांशीले झालं."

"हो."

"मंग बंगला?"

टेकचंदला काही समजेना. तेव्हा चाळीस वर्षांत तिने कधी न सांगितलेली गोष्ट त्याला कळली. तिला देवरीच्या एका मास्तरचं स्थळ आलं होतं. मास्तर तिला पसंत होता. पण त्याच संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की वीज खात्याच्या प्रत्येक लाइनमनला सरकार चार खोल्यांचा बंगला बांधून देणार आहे. दुसऱ्या दिवशी मास्तरला नकार गेला आणि लाइनमन टेकचंदला होकार.

"दोन वर्षं मी रोज पोस्टमनची वाट पायली," ती म्हणाली. "मंग वाटलं, सरकारचं काम हाये, टाइम लागन."

टेकचंदचं हसू आटलं. आपण स्वतःच एक बातमी आहोत, हे माणसाला सहासष्टाव्या वर्षी कळलं तर त्याने करावं काय? त्याने पुठ्ठा गुपचूप उचलला.

काम मात्र सोडलं नाही. ट्रान्सफॉर्मर गोंदियाला नेऊन पंपाच्या मोटारींची तार गुंडाळून देणाऱ्या योगराजकडून नवा गुंडाळून आणला, सुकलेले कंडेन्सर बदलले, आणि आठव्या दिवशी नळ्या लालसर पेटल्या. केवळरामने ते पेन्सिलीचं अक्षर पाहिलं, खोडरबरने पुसलं आणि म्हणाला, "हे आपल्यातच राहू द्या."

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात अख्खं गाव. रेडिओने मिनिटभर दम घेतला, खरखर केली, मग कुणी साहेब धानावरच्या तुडतुड्यांविषयी बोलू लागले. टाळ्या पडल्या. केवळरामने बहिणीला दोन शब्द बोलायला बोलावलं. टेकचंदने खुर्चीचा हात घट्ट धरला.

रुख्माबाईने माइक हातात घेतला आणि शांतपणे, एक बातमी न गाळता, सगळं सांगून टाकलं. तारखेसकट.

मग पुढच्या सतरंजीवरून ऐंशीच्या वरची धुरपताबाई बोलली, "मंग मी एवढी वर्षं श्यामलाल बुढ्याले कोंबडीचा रस्सा कायले नेऊन देल्ला?"

कुणीतरी खुसखुसलं आणि बांध फुटला. कुणी मिशी काढली होती, कारण रशियात मिशीवाल्यांना दमा होत होता. छोटेलालने बातमी ऐकून बैल विकला होता, आणि तो श्यामलालजींनीच घेतला होता. जो तो उठून आपली बातमी सांगू लागला. केवळराम माइक परत मागत होता, पण माइक चौथ्या रांगेत पोचला होता. जेवणं दोन तास उशिरा झाली आणि कुणी कुरकुर केली नाही.

परतताना रुख्माबाई मोटारसायकलवर मागे बसली होती. "बापाचा राग आला का?" टेकचंदने विचारलं.

"त्याचा कायले येईन? तो तं गेला. तुमचा आला. तवाच काऊन नाई सांगतलं का बंगला-फिंगला काई भेटत नाई म्हनून?"

"मले कोनं इचारलं?"

तिने विचार केला. खरंच कुणी विचारलं नव्हतं. कोहमाऱ्याच्या चौकात तिने त्याला धाब्यापाशी गाडी थांबवायला सांगितली, भज्यांची प्लेट मागवली आणि पहिली चार भजी त्याला न विचारता एकटीने खाल्ली. पाचवं अर्धं तोडून त्याच्याकडे सरकवलं.