कागदावर मेलेला कोल्ह्या

मी कोल्ह्या. कुत्राच आहे, पण कान उभे आणि शेपूट झुबकेदार, म्हणून हे नाव पडलं. सरकारी भाषेत मी मेलेलो आहे. विमा कंपनीच्या दफ्तरात तसं लिहिलेलं आहे आणि त्याखाली डॉक्टरांची सही आहे. तरी मी बोलतोय, कारण मला अजून भूक लागते.

माझा जन्म भुसावळचा. रेल्वेच्या एका साहेबांच्या बंगल्यावर अल्सेशियन कुत्रा होता, तो माझा बाप. आई कॉलनीतल्या उकिरड्यावर राहायची. साहेबांना हे संबंध पसंत नव्हते. आम्ही पिल्लं डोळे उघडून चालायला लागलो तशी बंगल्यावरच्या गड्याने आम्हाला पोत्यात घालून मालधक्क्यावर आणून सोडलं. तिथे पितांबर नाना लिंबांची पोती चढवायला आले होते. त्यांनी मला उचललं, उपरण्यात गुंडाळलं आणि घरी नेलं.

नानांचं गाव एरंडोलच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. लिंबांची बाग होती, विहीर होती, दोन बैल आणि एक संकरित गाय होती. पोटचं मूल नव्हतं. नानांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, पहिल्या दिवशी मला ओट्यावर येऊ दिलं नाही. आठवडाभरात मी चुलीपाशी झोपायला लागलो. नाना जेवायला बसले की भाकरीचा पहिला तुकडा मोडून माझ्यासमोर ठेवायचे आणि मग स्वतः खायचे. बागेत रात्री माणूस ठेवायची त्यांना कधी गरज पडली नाही.

सत्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. चुडामण नावाचा विम्याचा एजंट गाईचा विमा उतरवायला आला होता. पायजमा-शर्ट, बगलेत रेक्झिनची बॅग, बोलणं गोड. गाईच्या कानात त्याने पितळी बिल्ला मारला आणि चहा पिताना सहज म्हणाला की आता कंपनी कुत्र्यांचाही विमा घेते. पुष्पाबाई हसल्या. नाना हसले नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, याला काही झालं तर कंपनी बघेल का? चुडामण म्हणाला, सगळं बघेल. तेवढं ऐकून नाना म्हणाले, "कोल्ह्याना बी विमा करी टाक."

चुडामणने मला नीट न्याहाळलं. गावठी म्हटलं तर कंपनी फारशी किंमत धरत नाही, अल्सेशियन संकर लिहू, असं त्याने सुचवलं. त्यात खोटं काही नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी माझे दात पाहिले, उभे कान पाहिले आणि तसं लिहून दिलं. कुत्र्यासाठी वेगळी खूण कंपनीने दिली नव्हती, म्हणून चुडामणने वासराचाच एक बिल्ला माझ्या डाव्या कानात ठोकला. मी ओरडलो. नानांनी मला पोटाशी धरलं.

त्या दिवसापासून मला गावात भाव आला. पारावरची माणसं मला बोलावून बिल्ला बघायची. आमच्या जिवाचा विमा नाही आणि हा कुत्रा विमेदार, असं म्हणून हसायची. नाना मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे, बाप अल्सेशियन शे त्याना. मला वाटायचं, कानातला हा बिल्ला म्हणजे नानांचा हात. कुठेही गेलो तरी सोबत आहे.

पुढे एका उन्हाळ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली माझ्या मागच्या पायावरून गेली. एसटीत कंडक्टर मला घेईना. नानांनी लिंबांचा ट्रक थांबवला, मला मांडीवर घेऊन पोत्यांवर बसले आणि धुळ्याला नेलं. रस्ताभर त्यांचं धोतर माझ्या रक्ताने भिजत होतं आणि ते एकच वाक्य बोलत होते, काही होत नाही तुले. धुळ्याच्या डॉक्टरांनी पाय जोडला. पुन्हा पुन्हा जावं लागलं, पट्ट्या बदलाव्या लागल्या, सुया टोचाव्या लागल्या. मी उठून उभा राहिलो तेव्हा पाय वाकडा झाला होता, पण चालत होता.

मग नानांनी चुडामणला बोलावलं आणि धुळ्याच्या पावत्या पुढे ठेवल्या. त्याने त्या हातात घेतल्या नाहीत. औषधपाण्याचा खर्च कंपनी देत नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. कुत्रा मेला तर पैसे मिळतात, जगला तर काही नाही.

पुष्पाबाई आतून बाहेर आल्या. "पैसा लेवाना टाईमले हाई काबर नही सांगं?"

"तुम्ही विचारलं नाही, वहिनी," चुडामण म्हणाला.

नानांनी पावत्यांची घडी करून पेटीत ठेवून दिली. पण त्या दिवसानंतर मी लंगडत समोरून गेलो की ते माझ्याकडे बघून तोंड फिरवायचे. राग माझा नव्हता, हे मला कळायचं. आपल्याला फसवलं हे त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. दर वर्षी हप्ता भरताना, फसवलं आपल्याला, असं ते पुन्हा बोलायचे. भाकरीचा पहिला तुकडा अजून मिळत होता, फक्त आता तो लांबून टाकला जायचा.

पुष्पाबाईंचा भाऊ भाईदास वरचेवर यायचा. एका सकाळी तो हमरस्त्यावरून धापा टाकत आला. रात्री एका ट्रकने कुत्रा चिरडला होता. अंगाने माझ्याएवढा, रंगानेही तसाच. मागचा भाग ओळखू येत नव्हता.

"दाजी, हाऊ कोल्ह्यानामायकच दिखस," भाईदास म्हणाला.

हाच कोल्ह्या म्हणून दाखवला तर विम्याचे पैसे मिळतील, हे पुष्पाबाईंना लगेच कळलं. कुठे बोलू नको, असं त्यांनी भावाला बजावलं. नानांनी धुळ्याच्या पावत्या काढून पाहिल्या. मग म्हणाले, "आपलाच पैसा शे. आपन काही चोरी नही करी राहिनूत."

एक अडचण होती. बिल्ला दाखवल्याशिवाय कंपनी दावा मानत नाही. आणि बिल्ला माझ्या कानात होता. कितीतरी वर्षांचा, कातडीत रुतलेला. पक्कडीने निघेना.

नानांनी हाक मारली म्हणून मी गेलो. त्यांनी मला मांडीवर घेतलं, धुळ्याच्या वाटेवर घेतलं होतं तसंच. पुष्पाबाई आत निघून गेल्या. नानांनी एका हाताने माझं तोंड मिटून धरलं आणि कानाशी म्हणाले, "उगा ऱ्हाय, मना राजा." भाईदासच्या हातात लिंबं छाटायची कात्री होती.

बिल्ल्यासकट कानाचा तुकडा गेला. मी नानांना चावू शकलो असतो. त्यांचं मनगट माझ्या दातांच्या अगदी जवळ होतं.

त्या मेलेल्या कुत्र्याच्या कानात तो बिल्ला बसवला. डॉक्टर नवे होते, त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. पंचनामा झाला, फोटो निघाला. मला मात्र हळद भरलेल्या कानासकट पोत्यात घालून भाईदासने शिंदखेड्याला, नानांच्या बहिणीकडे पोचवलं.

सुंदरअक्का वाईट नव्हत्या. ताकभाकरी घालायच्या, कानावर तेल सोडायच्या. पण मी खुंट्याला बांधलेला. जन्मात मला कोणी बांधलं नव्हतं. मला वाटायचं, नाना विसरले असतील, आज येतील, उद्या येतील. पावसाळा गेला, थंडी गेली. शेवटी मी दोर कुरतडला आणि निघालो.

रुळांच्या कडेकडेने चालत राहिलो. पांझरा ओलांडली, अमळनेरच्या गिरणीचा भोंगा ऐकला, गावोगावच्या कुत्र्यांचे चावे सोसले. वाकडा पाय सुजला. पारोळ्याच्या पुढे हमरस्ता लागला आणि लिंबांच्या फुलांचा वास आला, तेव्हा मी तीन पायांवर पळायला लागलो.

ओट्यावर माणसं बसली होती. घरात रंगीत टीव्ही आला होता, त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. चुडामण होता, आणि त्याच्याबरोबर जळगावहून आलेले कंपनीचे साहेब. नवीन घेतलेल्या गाईचा विमा काढायचा होता. मला यातलं काय कळणार? मला फक्त नाना दिसले. मी थेट त्यांच्या पायांत शिरलो. अंगणात लोळलो, रडलो, त्यांचे तळवे चाटले.

दारात उभ्या पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. चुडामणने माझा कान पाहिला आणि नजर चहाच्या कपात घातली.

"हा कुत्रा कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

"कोनाच नही, साहेब," नाना म्हणाले. "गावठी शे. असाच हिंडस."

"कानाला काय झालंय याच्या?"

"कुत्रास्नी फाडा व्हयी."

हे बोलून नाना उठले. त्यांनी खाली वाकून दगड उचलला. मला वाटलं, मागे साप आहे की काय, म्हणून मी वळून पाहिलं. दगड माझ्या बरगडीत बसला. दुसरा उचलला तेव्हा मला समजलं. नानांनी आजवर मला कधी साधी चापटही मारली नव्हती.

काही दिवस मी विहिरीमागे पडून राहिलो. पुष्पाबाई पाणी भरायच्या निमित्ताने येऊन पदराखालची भाकरी ठेवायच्या. मग एकदा भाईदासने पाहिलं, आणि त्याने मला ट्रकमध्ये टाकून एरंडोलच्या स्टँडवर सोडून दिलं.

आता मी इथेच असतो. तोताराम चहावाला शिळा पाव टाकतो आणि गिऱ्हाईक आलं की हाकलतो. दात पडले, डोळ्यांपुढे धुकं असतं. कुत्री पकडणारी गाडी आली की मी रसवंतीच्या मागे लपतो.

गेल्या महिन्यात नाना आले होते. जळगावच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. म्हातारे झालेत, खोकला वाढलाय. मी त्यांना खोकल्यावरूनच ओळखलं, पण जवळ गेलो नाही. त्यांनीच मला पाहिलं. इकडेतिकडे नजर फिरवली. जवळपास कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "कोल्ह्या, जित्ता शे का रे?"

मी गेलो. बरगडी विसरलो, कान विसरलो. डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकवलं. त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला, एकेक बिस्कीट हातावर ठेवून मला खाऊ घातलं. त्यांची बोटं तुटक्या कानाशी आली आणि तिथेच थांबली.

तेवढ्यात त्यांच्या गावचा निंबा आला. नानांनी पायानेच मला बाजूला सारलं.

"नाना, हाऊ कुत्रा तुम्हना शे का?" निंबाने विचारलं.

"नही भो," नाना म्हणाले. "आम्हना कोल्ह्या कव्हयच मरी गया."

निंबा म्हणाला, फार चांगला कुत्रा होता तुमचा. नानांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते खरं होतं. माझ्यासमोर बसून ते माझ्यासाठी रडले. मग गाडी लागली आणि ते धोतरावरचे माझे केस झटकत आत चढले.

तुम्ही कुत्र्याचा विमा काढणार असाल तर जरूर काढा. फक्त सही करण्याआधी एजंटला विचारा की हा जिवंत असेपर्यंत याच्यासाठी काय मिळेल. तो गप्प बसला तर चहा पाजा आणि परत पाठवा.

आणि कुत्रं तुमचं असेल, तर चार माणसांसमोर त्याला एकदा नावाने हाक मारा.